स्किड स्टीअर की ट्रॅक्टर लोडर? भिलाई परिसरातील शेतीसाठी यंत्राची निवड

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर पोलादासाठी देशभर परिचित आहे. मात्र कारखान्याची वसाहत आणि औद्योगिक क्षेत्र मागे पडताच दुर्ग जिल्ह्याची धानाची शेते सुरू होतात. जिल्ह्यातील धमधा परिसर टोमॅटो आणि इतर भाजीपाल्यासाठी ओळखला जातो, तर शहराच्या आसपास दुधाचा व्यवसाय करणारे गोठे आहेत. या सर्व ठिकाणी एक काम समान आहे. शेणखत, माती, मुरूम, चारा, तणस आणि धान उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी टाकावे लागते.

हे काम पूर्वी घमेले, फावडे आणि माणसांच्या बळावर होत असे. आता त्यासाठी यंत्र घेण्याचा विचार करणाऱ्यांपुढे दोन पर्याय असतात. पहिला, शेतीच्या ट्रॅक्टरला पुढच्या बाजूस लोडर बसवणे. दुसरा, ‘स्किड स्टीअर’ नावाचे छोटे, जागच्या जागी वळणारे यंत्र विकत घेणे. दोन्ही यंत्रे बकेट भरून उचलतात आणि ट्रॉलीत रिकामी करतात. तरीही त्यांची रचना, खर्च आणि मर्यादा इतक्या वेगळ्या आहेत की चुकीच्या निवडीचा भार अनेक वर्षे कर्जाच्या हप्त्यांच्या रूपाने वाहावा लागतो.

छत्तीसगडच्या मैदानी भागातील स्थिती पूर्व विदर्भातील भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांशी बरीचशी मिळतीजुळती आहे. दोन्हीकडे मुख्य पीक धानाचे आहे, शेते लहान बांध्यांमध्ये विभागलेली आहेत आणि बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभारही नागपूर या राजधानीतूनच चालत असे. त्यामुळे भिलाईच्या संदर्भातील हा विचार महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनाही उपयोगी पडणारा आहे.

दोन यंत्रांचा उगम

स्किड स्टीअरचा जन्म शेतीतच झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉथसे या गावी सिरिल आणि लुई केलर हे दोघे भाऊ यंत्रदुरुस्तीचे दुकान चालवत होते. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला आपल्या दुमजली खुराड्याची सफाई करायची होती. आतील खांबांमधून ट्रॅक्टर वळत नसे आणि वरच्या मजल्याला त्याचे वजनही पेलणारे नव्हते. त्यासाठी केलर बंधूंनी १९५७ मध्ये तीन चाकांचा हलका लोडर तयार केला. १९५८ मध्ये नॉर्थ डकोटा राज्यातील मेलरो या कंपनीने त्याचे हक्क घेतले. १९६० मध्ये त्याला चौथे चाक मिळाले आणि पुढे ‘बॉबकॅट’ या नावाने हे यंत्र जगभर पोहोचले.

ज्या अडचणीतून हे यंत्र निर्माण झाले, तीच त्याच्या उपयोगाची खूण आहे. छताखाली, खांबांमध्ये, टणक जमिनीवर, थोड्या जागेत दररोज करावयाचे काम हे त्याचे खरे क्षेत्र होय. पोलाद कारखान्यांत पट्ट्यांवरून सांडलेला माल गोळा करण्यासाठी अशी यंत्रे वापरली जातात, त्याचेही कारण हेच आहे.

ट्रॅक्टर लोडरचा मार्ग वेगळा आहे. ट्रॅक्टर हे मूळचे ओढणारे यंत्र आहे. नांगर, रोटाव्हेटर आणि ट्रॉली ओढणे हे त्याचे पहिले काम. पुढे हायड्रॉलिक बाहू आणि बकेट बसवल्यावर त्याला उचलण्याचे दुसरे काम मिळते. साहजिकच उचलण्यात तो स्किड स्टीअरइतका चपळ नसतो. मात्र वर्षातील उरलेल्या दिवसांत तो रिकामा उभा राहत नाही.

वळण्याची पद्धत

दोन्ही यंत्रांतील सर्वांत मोठा फरक वळण्यात आहे. ट्रॅक्टरची पुढची चाके स्टीअरिंगने वळतात. स्किड स्टीअरची चाके वळतच नाहीत. त्याच्या डाव्या बाजूची दोन्ही चाके एका गतीने आणि उजव्या बाजूची दोन्ही चाके दुसऱ्या गतीने फिरवता येतात. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे फिरवली की रणगाड्याप्रमाणे यंत्र जागच्या जागी वळते. हे वळणे म्हणजे प्रत्यक्षात चाके जमिनीवर घासत सरकणे असते. ‘स्किड’ या शब्दाचा अर्थही घसरणे असाच आहे.

या घसरण्यामुळे मोठा लाभ होतो आणि मोठी किंमतही मोजावी लागते. गोठ्यातील अरुंद गल्लीत, जिथे लोडर बसवलेल्या ट्रॅक्टरला तीन-चार वेळा मागेपुढे करावे लागते, तिथे स्किड स्टीअर एका हालचालीत तोंड फिरवतो. मध्यम आकाराच्या स्किड स्टीअरची रुंदी दीड ते पावणेदोन मीटर आणि उंची सुमारे दोन मीटर असते. लोडरसह ट्रॅक्टरची लांबी मात्र पाच मीटरच्या आसपास जाते. दुसऱ्या बाजूला, प्रत्येक वळणावर टायर घासले जातात. खडबडीत काँक्रीटवर सतत वळणाऱ्या यंत्राचे टायर काहीशे तासांतच बदलावे लागू शकतात.

ट्रॅक्टरला मागेपुढे करण्याचाही खर्च असतो. लोडरच्या कामात चालकाला प्रत्येक फेरीत पुढचा आणि मागचा गिअर बदलावा लागतो. साध्या क्लचवर याचा ताण येतो आणि तो लवकर झिजतो. लोडर बसवायचा असल्यास पॉवर स्टीअरिंग आणि एकाच दांड्याने पुढे-मागे जाण्याची दिशा बदलणारी शटल गिअरची सोय असलेला ट्रॅक्टर घेणे हिताचे ठरते. स्किड स्टीअरमध्ये हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर चाके फिरत असल्याने क्लच आणि गिअर बदलण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

माती ठरवते निम्मा निर्णय

छत्तीसगडच्या मैदानात शेतकरी जमिनीचे चार प्रमुख प्रकार मानतात. भाटा ही उंचावरील मुरमाड, लालसर जमीन. मटासी ही पिवळसर, हलकी जमीन. कन्हार ही काळी, चिकण आणि ओल धरून ठेवणारी जमीन, तर डोरसा ही मटासी आणि कन्हार यांच्या मधली. लोडरच्या दृष्टीने या प्रत्येक जमिनीचे वागणे निराळे आहे.

भाटा जमीन कोरडी असताना टणक असते. तिच्यावर दोन्ही यंत्रे चालतात. कन्हार जमिनीवर पावसाळ्यात परिस्थिती पालटते. स्किड स्टीअर वळताना ओल्या मातीचा वरचा थर खरवडला जातो, चर पडतात आणि थोड्याच वेळात यंत्र रुतून बसते. त्याची चाके लहान असतात आणि पोट जमिनीपासून जेमतेम २० सेंटिमीटरच्या आसपास वर असते. धानाच्या बांध्यांमधील बांध ओलांडणे त्याला अवघड जाते.

ट्रॅक्टरची मागची मोठी चाके अशा जमिनीवर अधिक चांगली पकड घेतात. मात्र पुढची चाके लहान असलेल्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरवर भरलेली बकेट उचलली की सारा भार पुढच्या आसावर येतो आणि ती चाके मातीत घुसतात. शेतात किंवा उघड्या अंगणात लोडर वापरायचा असेल तर फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर अधिक योग्य ठरतो.

म्हणून पहिला प्रश्न यंत्राचा नसून जमिनीचा आहे. काम काँक्रीटच्या फरशीवर होणार की मातीवर? गोठ्यात फरशी असली, तरी खताचा उकिरडा बाहेर मातीवर असेल, तर पावसाळ्यातील चार महिने स्किड स्टीअर तिथपर्यंत पोहोचेलच असे नाही. अशा वेळी यंत्रावर पैसे घालण्यापूर्वी उकिरड्यापर्यंतच्या रस्त्यावर मुरूम किंवा काँक्रीट घालावे लागते. हा खर्च अनेकदा हिशेबात धरला जात नाही.

बकेटमध्ये नेमके किती मावते

विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात उचलण्याच्या क्षमतेचे आकडे असतात. ते वाचताना सावध राहणे आवश्यक आहे. चाकांच्या स्किड स्टीअरची कार्यक्षमता साधारणपणे यंत्र पुढे उलटेल त्या भाराच्या निम्मी धरली जाते. म्हणजे ८०० किलो क्षमता लिहिलेले यंत्र समतल जागेवर सुमारे १,६०० किलो भार आल्यास पुढे कलंडू शकते. यात सुरक्षिततेचे अंतर आधीच धरलेले असते.

ट्रॅक्टर लोडरच्या बाबतीत आकडा कोणत्या बिंदूवर मोजला आहे हे विचारावे लागते. बकेट ज्या खिळीवर फिरते तिथे मोजलेली क्षमता जास्त दिसते. बकेटमधील माल मात्र त्या खिळीच्या पुढे असतो, त्यामुळे प्रत्यक्ष क्षमता कमी भरते. शिवाय लोडर कितीही मजबूत असला तरी ट्रॅक्टरचा पुढचा आस आणि टायर तेवढा भार पेलणारे असले पाहिजेत.

मालाच्या वजनाचा अंदाजही असला पाहिजे. ०.४ घनमीटरच्या बकेटमध्ये धान भरले तर त्याचे वजन सुमारे २४० किलो होते. ओले शेण भरले तर ते साडेतीनशे किलोच्या पुढे जाते. तीच बकेट वाळूने भरली तर साडेसहाशे किलोच्या आसपास वजन होते. तणसासारखा हलका माल जागा व्यापतो पण वजन देत नाही, म्हणून त्यासाठी बकेटऐवजी काटा किंवा पकड असलेले अवजार लागते. एकाच मोठ्या बकेटने सर्व माल उचलण्याचा प्रयत्न यंत्राला आणि चालकाला धोक्यात घालतो.

धानाच्या व्यवहारातील आणखी एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. छत्तीसगडमध्ये सहकारी समित्यांच्या केंद्रांवर आधारभूत किमतीने होणारी धान खरेदी ४० किलोच्या पोत्यांमध्ये होते. पोती लावण्याच्या कामात बकेटचा उपयोग नाही. राइस मिलच्या आवारात मोकळ्या धानाचे ढीग असतात, तिथे मात्र लोडर उपयोगी पडतो. तेथील भुशाची धूळ रेडिएटरच्या जाळ्या लवकर बुजवते. त्यामुळे रोज जाळी झटकणे आणि इंजिनच्या खणात साचलेला भुसा काढणे आवश्यक असते, अन्यथा इंजिन तापते आणि आग लागण्याचाही संभव असतो.

उंचीचा प्रश्न ट्रॉली भरताना येतो. स्किड स्टीअरचे बाहू दोन प्रकारचे असतात. काहींमध्ये बकेट वर्तुळाच्या कमानीत वर जाते. खोदणे, खरवडणे अशा जमिनीलगतच्या कामांना ते सोयीचे असते. दुसऱ्या प्रकारात बकेट जवळपास सरळ वर जाते आणि सर्वांत वर गेल्यावरही पुढे राहते. उंच ट्रॉली भरायची असेल तर हा प्रकार घ्यावा. खरेदीपूर्वी स्वतःच्या ट्रॉलीच्या फळीची उंची मोजून, बकेट पूर्ण तिरकी केल्यावर तिचे टोक त्या फळीच्या वर राहते की नाही, हे प्रत्यक्ष पाहणे सर्वांत उत्तम.

हंगामाचे गणित

ट्रॅक्टर लोडरची खरी परीक्षा खरिपाच्या तोंडावर होते. मे आणि जूनच्या प्रारंभी शेणखत शेतात नेले जाते, त्या वेळी लोडरला भरपूर काम असते. पाऊस सुरू झाला की त्याच ट्रॅक्टरला केजव्हील लावून चिखलणीसाठी बांधीत उतरावे लागते. लोडर बोल्टने पक्का बसवलेला असेल तर तो काढण्यात अर्धा दिवस जातो. न काढल्यास पुढे वाढलेल्या वजनाने ट्रॅक्टर चिखलात तोंड खुपसतो. म्हणून काही मिनिटांत सोडता आणि जोडता येणारा लोडर घेण्यासाठी थोडे अधिक पैसे देणे फायद्याचे ठरते.

ज्या घरी एकच ट्रॅक्टर आहे आणि जनावरेही मोठ्या संख्येने आहेत, तिथे जुलैमध्ये खरी ओढाताण होते. ट्रॅक्टर रोवणीच्या तयारीत गुंतलेला असतो आणि गोठ्यात शेणाचा ढीग वाढत जातो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापणी, मळणी आणि धानाची वाहतूक सुरू झाली की हीच स्थिती पुन्हा उद्भवते. अशा शेतकऱ्याला वेगळे यंत्र हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्यासाठी नवा स्किड स्टीअर घेण्याऐवजी जुना, नीट चालणारा दुसरा ट्रॅक्टर केवळ लोडरसाठी ठेवणे कमी खर्चाचे होऊ शकते.

वर्षाला किती तास

यंत्र परवडते की नाही, हे त्याच्या किमतीपेक्षा ते वर्षात किती तास चालते यावर अधिक अवलंबून असते. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्यक्ष किमती विक्रेत्याकडूनच घ्याव्यात.

समजा, स्किड स्टीअरची किंमत १८ लाख रुपये आहे आणि १० वर्षांनी तो ४ लाखांना विकला जाईल. म्हणजे घसारा वर्षाला १ लाख ४० हजार रुपये. दहा वर्षांत यंत्रात सरासरी ११ लाख रुपये अडकून राहतात. त्यावर १० टक्के व्याज धरल्यास १ लाख १० हजार रुपये होतात. डिझेल, टायर, दुरुस्ती आणि चालकाचा पगार न धरताही वर्षाचा स्थिर खर्च अडीच लाख रुपये झाला. यंत्र वर्षाला १,००० तास चालले तर तासाला २५० रुपये पडतात. २५० तासच चालले तर तासाला १,००० रुपये पडतात.

आता ट्रॅक्टर लोडरचा हिशेब. लोडर साडेतीन लाखांचा आणि १० वर्षांनी त्याची किंमत ५० हजार रुपये धरल्यास घसारा ३० हजार आणि व्याज २० हजार, म्हणजे वर्षाला ५० हजार रुपये होतात. २५० तासांत तासाला २०० रुपये. ट्रॅक्टरची किंमत ८ लाख आणि शेवटी २ लाख धरली, तर त्याचा वार्षिक स्थिर खर्च १ लाख १० हजार रुपये होतो. तो सर्व कामे मिळून १,००० तास चालत असेल, तर लोडरच्या प्रत्येक तासावर ११० रुपये आणखी पडतात. एकूण ३१० रुपये.

या हिशेबात २५० तासांच्या कामासाठी स्किड स्टीअरचा तास ट्रॅक्टर लोडरच्या तिप्पटीहून महाग पडतो. स्किड स्टीअर तेच काम लवकर उरकतो हे खरे, पण तीनपट लवकर उरकेल तेव्हाच दोघांची बरोबरी होते. बहुतेक शेतांवर तसे घडत नाही.

गोठ्याच्या कामाचा अंदाजही असाच घ्यावा. संकरित गाय दिवसाला साधारण १५ ते २० किलो शेण टाकते. १०० गायींच्या गोठ्यात दिवसाला दीड ते दोन टन शेण जमते. एका बकेटमध्ये ३०० किलो धरल्यास हे काम पाच ते सात फेऱ्यांचे आहे. गोळा करण्याचा वेळ धरूनही ते साधारण तासाभरात होते, म्हणजे वर्षाला सुमारे ३६५ तास. केवळ शेण काढण्यासाठी १०० जनावरांचा गोठाही स्किड स्टीअरला पुरेसे काम देत नाही. त्याच यंत्राने मुरघास काढणे, चारा वाटणे, कंपोस्टचे ढीग परतणे आणि शेजारच्या गोठ्यांचे काम भाड्याने करणे सुरू केले, तर मात्र तासांचे गणित जुळू लागते.

शेणाला किंमत आली की हे काम वाढते, याचा अनुभव छत्तीसगडने घेतला आहे. २० जुलै २०२० रोजी हरेली सणाच्या दिवशी राज्य सरकारने गोधन न्याय योजना सुरू केली. हरेली म्हणजे मराठी पंचांगातील आषाढ अमावास्या. या दिवशी छत्तीसगडमध्ये शेतीच्या अवजारांची पूजा होते. योजनेखाली गोठाणांमध्ये किलोला २ रुपये दराने शेण खरेदी केले जात होते आणि त्यापासून गांडूळखत तयार करण्यात येत होते. शेण गोळा करणे, टाक्या भरणे आणि खत चाळणे ही कामे तेथे प्रामुख्याने हातांनीच होत होती. मात्र गांडूळखताच्या टाकीत जड यंत्र उतरवता येत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. मोठ्या उघड्या ढिगांच्या कंपोस्टसाठीच लोडर उपयोगी असतो.

कर आणि नोंदणी

सरकारी नियमांचाही किमतीवर परिणाम होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. ट्रॅक्टरचे टायर आणि अनेक सुटे भागही ५ टक्क्यांच्या टप्प्यात आले. स्किड स्टीअरसारखे स्वयंचलित लोडर मात्र बांधकाम यंत्रांच्या गटात मोडतात आणि त्यांवर १८ टक्के कर लागतो. दोन्ही यंत्रांच्या किमतीतील अंतर त्यामुळे वाढले आहे.

मोटार वाहन नियमांमध्येही टायरवर चालणाऱ्या लोडरचा समावेश बांधकाम उपकरण वाहनांमध्ये होतो, शेतीच्या ट्रॅक्टरमध्ये नाही. एका गावातून दुसऱ्या गावी रस्त्याने यंत्र न्यायचे असल्यास नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना यांची चौकशी परिवहन कार्यालयात आधीच करून घ्यावी. शिवाय स्किड स्टीअरचा वेग सामान्यतः ताशी १० ते १२ किलोमीटर असतो. लांबच्या कामासाठी त्याला वाहनावर चढवूनच न्यावे लागते. ट्रॅक्टर रस्त्याने ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने स्वतःच जातो.

केंद्र सरकारने २०१४-१५ मध्ये सुरू केलेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून शेतीची यंत्रे आणि भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रे यांना अनुदान देण्यात आले आहे. कोणते यंत्र अनुदानाच्या यादीत आहे, हे दरवर्षी कृषी विभागाकडून तपासून घेणे योग्य. यादीत नसलेले यंत्र अनुदानाच्या भरवशावर घेतल्यास सारे अंदाजपत्रक कोलमडते.

जीव वाचवणारे नियम

दोन्ही यंत्रांनी होणारे अपघात वेगवेगळ्या प्रकारचे असतात. स्किड स्टीअरमध्ये चालक बहुधा समोरून, उचलणाऱ्या बाहूंच्या खालून आत शिरतो. बकेट वर असताना बाहेर पडणे किंवा खाली वाकून दुरुस्ती करणे प्राणघातक ठरू शकते. उतरण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी. दुरुस्तीसाठी बाहू वर ठेवणे भागच असेल तर बाहूंचा यांत्रिक आधार लावल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. आसनाचा दांडा आणि पट्टा काढून टाकण्याची किंवा त्यांची कळ दोरीने बांधून ठेवण्याची सवय अत्यंत घातक आहे. या यंत्राच्या मागचे दिसणे मर्यादित असते, त्यामुळे गोठ्यात मुले आणि माणसे दूर ठेवणे ही चालकाइतकीच मालकाचीही जबाबदारी आहे.

ट्रॅक्टर लोडरचा मुख्य धोका उलटण्याचा आहे. बकेट वर उचलली की यंत्राचा गुरुत्वमध्य वर सरकतो. वर बकेट ठेवून वळण घेतले, एक चाक खड्ड्यात गेले किंवा बांधावर चढले, तर ट्रॅक्टर कुशीवर पडतो. भरलेली बकेट शक्य तितकी खाली ठेवून चालवणे आणि मागे पुरेसे वजन असणे हे दोन नियम पाळावेत. मागच्या थ्री पॉइंट लिंकेजवर काँक्रीटचा ठोकळा किंवा जड अवजार लावल्यास पुढच्या आसावरील भार कमी होतो आणि मागची चाके जमिनीला धरून राहतात. ट्रॅक्टरला उलटण्यापासून वाचवणारी संरक्षक चौकट आणि पट्टा असल्यास उत्तम.

बकेटमध्ये माणूस उभा करून झाडाची फांदी तोडणे किंवा पत्रे बसवणे असले प्रकार दोन्ही यंत्रांबाबत सर्वथा टाळावेत.

भाड्याचा पर्याय

अनेक शेतकऱ्यांसाठी तिसरा मार्ग अधिक शहाणपणाचा असतो. बोलीभाषेत ‘जेसीबी’ या एकाच नावाने ओळखले जाणारे, पुढे बकेट आणि मागे खोदणारा बाहू असलेले बॅकहो लोडर आता बहुतेक गावांत तासाच्या भाड्याने मिळतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतातील सरासरी शेतजमीन १.०८ हेक्टर होती. एवढ्या जमिनीच्या मालकाला वर्षातून दोन-चार दिवसच उकिरडा उचलायचा असतो. त्याने कोणताही लोडर विकत घेण्याचे कारण नाही. ट्रॉल्यांची सोय आधी करून, चार शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी यंत्र बोलावले तर खर्च आणखी कमी येतो. सात-आठ टनांचे हे यंत्र गोठ्यात मात्र शिरू शकत नाही आणि ओल्या बांधीत उतरवल्यास जमीन दाबून टाकते.

भिलाईची एक जमेची बाजू म्हणजे परिसरातील कारागिरी. नंदिनी रोड आणि हथखोज येथील औद्योगिक क्षेत्रांमुळे वेल्डिंग, लेथ आणि हायड्रॉलिक दुरुस्तीची कामे करणारे कुशल लोक आसपास आहेत. बकेटची झिजलेली धार बदलणे किंवा शेणासाठी काटा बनवून घेणे त्यामुळे अवघड नाही. मात्र स्किड स्टीअरचे हायड्रोस्टॅटिक पंप आणि मोटारी हा वेगळा विषय आहे. त्यांत धुळीचा कणही हानी करतो आणि मूळ सुटे भाग लागतात. सर्वांत जवळचा अधिकृत सेवा केंद्राचा माणूस किती तासांत येऊ शकतो, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा मानावा.

निर्णय कसा घ्यावा

वरील सर्व बाबींचा विचार केल्यास काही ठोस निष्कर्ष निघतात.

ज्याच्याकडे मुख्यतः धानाची शेती, एक ट्रॅक्टर आणि थोडी जनावरे आहेत, त्याने लोडर विकत न घेता भाड्याचे यंत्र वापरावे. ज्याच्याकडे ४५ ते ५० अश्वशक्तीचा, शक्यतो फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे आणि वर्षाला दोन-तीनशे तासांचे उचलण्याचे काम आहे, त्याच्यासाठी सहज निघणारा पुढचा लोडर योग्य आहे. ज्याचे काम वर्षभर, छताखाली, काँक्रीटवर, अरुंद जागेत चालते आणि वर्षाचे तास हजाराच्या जवळ जातात, त्यानेच स्किड स्टीअरचा विचार करावा. मोठे दुग्धप्रकल्प, कुक्कुटपालन, राइस मिल आणि व्यापारी कंपोस्ट प्रकल्प या वर्गात येऊ शकतात.

निर्णयापूर्वी एक साधी नोंदवही ठेवावी. तीन महिने दररोज कोणता माल, किती ट्रॉल्या, कोणत्या जागी आणि किती वेळात उचलला, हे लिहावे. त्यात एक महिना पावसाळ्यातील असावा. गोठ्याच्या दरवाजाची रुंदी, छताची सर्वांत खालची उंची, गल्लीची रुंदी आणि ट्रॉलीची उंची मोजून लिहावी. ट्रॅक्टर घेताना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेसारख्या संस्थांचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. शेवटी, यंत्राचे प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या अंगणात न पाहता स्वतःच्या गोठ्यात आणि स्वतःच्या उकिरड्यावर, शक्य असल्यास पाऊस पडून गेल्यानंतर, करून दाखवण्यास सांगावे. ओल्या कन्हार मातीत अर्धा तास चाललेले यंत्र माहितीपत्रकातील सर्व आकड्यांपेक्षा अधिक विश्वसनीय उत्तर देते.